भिंतीवर पैसेच पैसे, आणि घरात रांगतं बाळ

ताई, नमस्कार.
मी सोलापूरकडची. लग्न होऊन देवगड तालुक्यात आले, त्याला हा तिसरा पावसाळा. घर जुनं, जांभ्या चिऱ्याचं, वर कौलं, मागे माडा-फणसाची वाडी. मृगाचा पाऊस लागला की दोन-तीन रात्रींत पैसे निघायला लागतात, म्हणजे ते खूप पायांचे, डिवचलं की चकलीसारखे गुंडाळणारे किडे. आमच्याकडे यांना वाणी म्हणतात, पण तिकडे त्या शेतात दिसायच्या. इथे पडवीच्या भिंतीवर, न्हाणीघरात, देवघराच्या उंबऱ्यावर, एकदा तर तांदळाच्या डब्याच्या झाकणावर! आमचे हे मुंबईला असतात. फोनवर हसतात, "घरात पैसा खेळतोय, चांगलंच आहे की." सासूबाई मीठ टाकतात. ह्यांचं म्हणणं, आंब्याच्या फवारणीचं औषध मांगरात (वाडीतल्या खोपटात) उरलंय, गडी बोलाव आणि घराला आतून-बाहेरून मारून घे. माझं बाळ दहा महिन्यांचं आहे, रांगतंय, दिसेल ते तोंडात घालतंय. पैसा विषारी असतो का? कानात जातो का? शेजारच्या एक काकी म्हणाल्या, घर घाण असलं की येतात. ते फार लागलं. औषध मारू का? की पावसाळाभर बाळाला घेऊन माहेरी जाऊ?
— एक सून, देवगड तालुका

प्रिय सूनबाई,

तातडीचं आधी. ते औषध मारू नका. आत नाही आणि बाहेरही नाही. कारण पुढे सांगते, पण गडी उद्या येणार असेल तर आजच त्याला नको म्हणून निरोप धाडा.

आता बाळ. पैसा चावत नाही. त्याला नांगी नाही, विषाचा दात नाही, रक्ताशी त्याचं काही देणंघेणं नाही. त्याचं तोंड कुजलेली पानं कुरतडण्यापुरतं आहे. तरी तो अगदी गरीब आहे असंही म्हणता येणार नाही. त्याच्या अंगावर ज्या कड्या दिसतात, त्यांतल्या बहुतेकींच्या दोन्ही बाजूंना बारीक भोकं असतात. दाबलं, चिरडलं, घाबरवलं की तिथून पिवळसर-तपकिरी रस येतो. केरसुणीने पैसे लोटताना आयोडीनसारखा उग्र वास आला असेल, तो ह्याचाच. आपल्याकडच्या गोल, काळ्या-तांबड्या पैशांच्या रसात बेंझोक्विनोन नावाची रसायनं असतात. मुंग्या-पाखरांना दूर ठेवायला ती पुरतात. माणसाच्या कातडीवर मात्र डाग पडतो, कधी चुरचुरतं, नाजूक कातडीवर क्वचित फोडही येतो. चपट्या अंगाचे, कडांना करवतीसारखे दिसणारे लहान पैसेही असतात. त्यांच्यातले काही अगदी थोडा हायड्रोजन सायनाईड सोडतात. नाव वाचून धसका घेऊ नका, ती मात्रा मुंगीला पळवण्याइतकीच असते.

तेव्हा बाळाच्या हातात पैसा सापडला तर तो हिसकावताना चिरडू नका. हळूच काढून घ्या आणि हात साबण लावून भरपूर पाण्याने धुवा. तपकिरी डाग राहील, तो घासून निघत नाही. काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत आपोआप जातो. तोंडात घातलाच तर बोटाने बाहेर काढा, ओल्या स्वच्छ फडक्याने जीभ आणि हिरड्या दोन-तीनदा पुसा, थोडं पाणी पाजा. उलटी काढू नका. मीठपाणी, तेल, तूप असले घरगुती उतारे तर नकोच. मग डॉक्टरांना दाखवा आणि काय खाल्लं ते नीट सांगा, जमल्यास किडा डबीत घालून न्या. लाळ थांबत नाही, ओठ सुजलेत, दूध घेत नाही किंवा श्वास लागतोय असं दिसलं तर एक मिनिट वाया घालवू नका.

खरी काळजी डोळ्याची. पैसा धरलेलं बोट बाळाने डोळ्यात घातलं तर डोळा लाल होऊन सुजतो, बुबुळाला इजा होऊ शकते. अशा वेळी स्वच्छ पाण्याची बारीक धार धरून दहा-पंधरा मिनिटं डोळा धुवायचा आणि तसंच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. गुलाबपाणी नको, आईचं दूधही घालू नका. सासूबाई सुचवतीलच, म्हणून आधीच सांगून ठेवते.

एक गोष्ट घरातल्या मोठ्यांसाठी. पैसा अंधाऱ्या ओलसर जागेत शिरतो, म्हणजे बुटात आणि गमबुटातही. पाय घातला की आत चिरडतो. संध्याकाळी मोजा काढला तर दोन बोटं काळी-निळी. धुतलं तरी जात नाहीत, दुखतही नाहीत. अशा बोटांचा रक्तपुरवठाच थांबलाय असं समजून डॉक्टरांचीही धावपळ झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. पावसाळ्यात पादत्राणं झटकल्याशिवाय घालायची नाहीत हा कोकणातला जुना शिरस्ता विंचवासाठी आहे, पण तो इथेही कामी येतो.

कानाचं विचारलंत. कान शोधत फिरायची पैशाला सवय नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या कानात एखादा किडा चुकून शिरू शकतो, तसा तोही शिरेल, बस इतकंच. बाळ पाळण्यात किंवा झोळीत झोपत असेल तर निर्धास्त राहा. खाली गोधडीवर निजवत असाल तर गोधडी भिंतीपासून हातभर आत ओढा, आधी झटका, आणि मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचा.

आता काकींचा विषय. घर घाण असलं की पैसे येतात हे साफ खोटं आहे. झुरळं खरकट्याला येतात. पैशाला तुमच्या खरकट्यात काडीचा रस नाही. तो राहतो तुमच्या वाडीत, बारा महिने. फणसाखालच्या पातेऱ्यात, म्हणजे गळलेल्या पानांत, पडलेल्या माडाच्या ओंडक्यात, गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, दगडांखाली, शेणखताच्या खड्ड्यात. मुंग्या-झुरळांच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो, त्यामुळे आतलं पाणी आत राहतं. पैशाच्या अंगावर तसा थर नसतो, आणि श्वासाची भोकंही त्याला घट्ट मिटता येत नाहीत. कोरड्या हवेत तो सुकतो. म्हणून चैत्र-वैशाखात तो मातीत खोल जाऊन पडतो आणि मृगाचा पाऊस मुरला की वर येतो, खायला आणि जोडी जमवायला. एकावर एक बसून चाललेले दोन पैसे तुम्ही पाहिले असतील, ती जोडीच. आठवडाभर कोसळून पाऊस जमिनीत गच्च भरला की मातीतली हवा संपते. मग सगळेच उंच जागा शोधतात, आणि वाडीतली सगळ्यात जवळची उंच जागा म्हणजे तुमच्या घराचं जोतं. वर चिऱ्याची भिंत. चिरा सच्छिद्र असतो, ओल धरतो, त्यावर हिरवं शेवाळ चढतं. पैशाला ती भिंत बाहेरून अगदी वाडीसारखीच वाटते. तो वर चढतो, कुठे भेग सापडली की आत येतो.

आत आला की मात्र तो फसला. घरात त्याला खायला काही नाही. लादीवर एक-दोन दिवस काढले की बहुधा सुकून मरतो. कोपऱ्यात ज्या पांढुरक्या कड्या सापडतात, बोटाने दाबल्या की खडूसारख्या मोडतात, त्या ह्या वाट चुकलेल्यांच्या. कवचात चुना असतो म्हणून त्या तशा मोडतात. घरात पैसे अंडी घालतील, वाढतील, लाकूड पोखरतील, धान्य खातील ही भीती सोडून द्या. तांदळाच्या डब्यावरचा तो केवळ भरकटलेला होता. काकींच्या घरीही पैसे येत असणार. त्या पहाटे लवकर उठून झाडून घेत असतील, इतकाच काय तो फरक.

(एवढ्या संख्येने निघतात म्हणून घाबरला असाल तर जरा गंमत सांगते. जपानच्या डोंगराळ भागात ह्यांची एक जात दर आठ वर्षांनी थव्याथव्याने बाहेर पडते. १९२० साली तिच्यापायी आगगाड्या थांबवाव्या लागल्या होत्या, चिरडलेल्या पैशांवरून चाकं घसरायला लागली म्हणून. तुमच्या देवघराचा उंबरा त्या मानाने सुखात आहे.)

हे सगळं इतक्या तपशिलात सांगितलं, कारण एकदा हे कळलं की काय करायचं ते आपसूक सुचतं. तुमची लढाई घरात नाही. ती जोत्यापासून हात-दोन हातांच्या पट्ट्यात आहे, आणि तिथलं हत्यार म्हणजे कोरडेपणा.

पण त्याआधी दारातलं गोणपाट उचलून बघा.

मी तुमचं घर पाहिलेलं नाही, तरी पैज लावते की मागच्या दारी उंबऱ्यापाशी पाय पुसायला एक गोणपाट पडलेलं आहे. जूनपासून ते वाळलेलं नसणार. सकाळी त्याचं एक टोक धरून सावकाश उलटा. खाली चकल्या घालून ठेवल्यासारखे पैसे सापडतील, लहान, मोठे, एखादी जोडी, बाजूला मातीचे बारीक कण. दिवसभर त्यांना याहून चांगला निवारा नाही, आणि रात्री तिथून उंबरा ओलांडायला वीतभर चालायचं. म्हणजे आपणच त्यांना दारात धर्मशाळा बांधून दिली आहे. हे गोणपाट काढा. पाय पुसायला सुती फडकी ठेवा, दोन, आळीपाळीने चुलीच्या उबेवर वाळवायला. पाय धुवायचा दगड दारापासून जरा लांब सरकवता आला तर उत्तमच.

ते जुनं गोणपाट टाकून मात्र देऊ नका. वाडीत, घरापासून दहा-पंधरा पावलांवर, ओलं करून अंथरा. खाली मूठभर पातेरा, वर नारळाची दोन सोडणं. रात्रीतून पैसे तिथे गोळा होतील. सकाळी उचलायचं, खालचे पैसे सुपलीत घ्यायचे आणि लांब गडग्यापलीकडे फेकायचे, किंवा साबणाचं पाणी घातलेल्या बादलीत टाकायचे. मराठवाड्यात सोयाबीन-कपाशीची कोवळी रोपं वाणी कुरतडतात, तेव्हा शेतकरी शेतात गवताचे छोटे ढीग करून हेच करतात. तुमच्या माहेरी विचारा, कोणीतरी केलेलं असेल.

आता जोत्याचा पट्टा. हे काम खरं आगोटीत, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, करायचं, पण उघडीप मिळाली की आताही चालेल. भिंतीला लागून काय काय आहे ते एकदा फिरून बघा. पावसाळी लाकडांची रास भिंतीला टेकून असेल, सोडणांचा ढीग, उरलेले चिरे आणि कौलं, माडाच्या झापांचा आडोसा, तळाशी ओल धरलेल्या कुंड्या. ह्या सगळ्यांखाली पैसे आहेत. लाकडं भिंतीपासून हातभर पुढे ओढा आणि खाली चार चिरे घालून उचलून रचा, म्हणजे खालून वारा जाईल. लाकडंही बरी जळतील, त्यावर सासूबाईंचीही तक्रार नसेल. पट्ट्यातलं गवत बोटभर ठेवून कापा. पातेरा रोज नाही, पण आठवड्यातून दोनदा ओढून फणसाखाली टाका. जाळू नका. ओला पातेरा नुसता धुमसतो आणि सगळा धूर बाळाच्या नाकात जातो.

पागोळ्या कुठे पडतात तेही पाहा. कौलांचं पाणी जोत्याला लागूनच पडत असेल तर तिथली माती चार महिने वाळतच नाही. पन्हळ लावता आली तर सगळ्यात चांगलं. जुन्या घरांना पत्र्याची लावतात, आता पीव्हीसीची मिळते, निम्मा पाइप कापूनही काम भागतं. तेवढं जमत नसेल तर पागोळीच्या रेषेत जांभ्याची नाहीतर काळ्या दगडाची खडी वीतभर जाड पसरा आणि पाणी घरापासून दूर जाईल असा उतार द्या. खडीत पाणी थांबत नाही, वरचा थर लवकर सुकतो, आणि कोरडी खडी ओलांडायला पैसा नाखूष असतो. हा खर्च एकदाच. तुमच्या ह्यांना फवारणीचे पैसे पाठवायला सांगण्यापेक्षा खडीचे सांगा.

मग भेगा. रात्री घरातले दिवे मालवून तुम्ही आत उभ्या राहा, आणि बाहेरून कोणाला तरी बॅटरी घेऊन दारं-खिडक्यांच्या कडेने, जोत्याजवळून फिरवा. जिथून उजेड आत येईल तिथून पैसा येतो. दाराखालच्या फटीला रबराची किंवा ब्रशची पट्टी मिळते, खिळ्यांनी ठोकायची. चिऱ्यांच्या सांध्यांतली माती निघाली असेल तर कोरड्या दिवसात ते सिमेंटने भरून घ्या, वायरी-पाइपांच्या भोकांत पुट्टी. न्हाणीघराच्या मोरीला बारीक जाळी हवीच, तिथून फक्त पैसेच येत नाहीत. आणि रात्री शेवटचं पाणी वापरून झालं की न्हाणीची फरशी कोरड्या फडक्याने पुसून ठेवा. घरात रोज दोनदा फिनाईलच्या पाण्याने पुसत असाल तर पावसाळ्यापुरतं एकदाच पुसा, आणि पंखा लावून वाळवा. ओली फरशी हे त्यांना आमंत्रणच.

घरात आलेल्यांसाठी केरसुणी आणि सुपली. पैसे रात्री फिरतात, तेव्हा बाळ खाली उतरायच्या आधी, उजाडताच, भिंतीच्या कडेकडेने एक फेरी मारायची. मेलेल्या कड्याही गोळा करायच्या, बाळाच्या बोटांना त्याच आधी सापडतात. पायाने चिरडू नका, लादीवर डाग राहतो आणि वास मागे लागतो.

सासूबाईंच्या मिठावर येते. "मीठ टाक गो, आपसूक मरतले," असं म्हणत असतील. त्यांचं पूर्ण चुकत नाही. मीठ अंगावर पडलं की पैशाच्या अंगातलं पाणी ओढलं जातं आणि तो मरतो. पण मीठ हवेतली ओलही ओढतं. पावसाळी हवेत उंबऱ्यावर टाकलेलं मीठ दोन तासांत ओलं होतं, फटीत मुरतं आणि ती जागा कायमची दमट ठेवते. चिऱ्याच्या भिंतीत मुरलं तर उन्हाळ्यात पांढरं फूल धरून बाहेर येतं, आणि त्याबरोबर गिलाव्याची पापुद्रं सुटतात. म्हणजे आज दहा पैसे मेले आणि पुढच्या वर्षीच्या शंभरांची सोय झाली. हे त्यांना तोंडावर सांगू नका. मिठाऐवजी चुलीतली चाळलेली कोरडी राख पडवीच्या आतल्या कडेला, पाऊस लागणार नाही आणि बाळ पोहोचणार नाही अशा ठिकाणी टाकायला सांगा. राख कोरडी आहे तोवर पैसा तिच्यावरून सहसा जात नाही. ओली झाली की काढून नवी. काम त्यांच्याच हातात राहील, उपायही जुना, त्या खूश. चुन्याची फकी मात्र टाकू देऊ नका. ती ओल्या हाताला, डोळ्याला पोळते, आणि घरात रांगणारं मूल आहे.

झुरळांचा खडू, कपाटातल्या डांबरगोळ्या, रॉकेल, ह्यांचीही कोणीतरी शिफारस करेलच. खडूत कीटकनाशक असतं आणि तो दिसतो पाटीवरच्या खडूसारखा. दहा महिन्यांच्या मुलाच्या घरात तो जमिनीवर ओढणं म्हणजे त्याला चाटायला देणं. डांबरगोळी गिळली गेली तर लहान मुलाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात. कोपऱ्याकोपऱ्यांत गोळ्या पसरायची पद्धत मूल मोठं होईपर्यंत बंद. रॉकेलबद्दल काय बोलायचं? घरात चूल आहे.

आता तुमच्या ह्यांचं औषध. मांगरात जाऊन बाटली बघा, हात न लावता. लेबलवर एक चौकोन असतो, कोनावर उभा केलेला, आणि त्यातला खालचा त्रिकोण रंगीत. तांबडा असेल तर अतिजहाल, पिवळा त्याखालोखाल, मग निळा, मग हिरवा. त्याच लेबलवर कुठलं पीक, कुठली कीड, किती पाणी, हे छापलेलं असतं, आणि कायद्याने ते तिथेच, तसंच वापरायचं. आंब्यावरचे तुडतुडे मारायचं औषध तिथे घराच्या भिंतीसाठी आणि पैशासाठी लिहिलेलं असणार नाही. हा झाला कायदा. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तुमची विहीर. वाडीतच असेल, घरापासून फार लांब नसेल. जांभ्याच्या जमिनीत पाणी झरझर उतरतं. जोत्यावर मारलेलं औषध पहिल्याच सरीत धुऊन मातीत जाईल आणि मातीतून कुठे जाईल ते तुम्हीच ओळखा. आत मारलेलं धुतलंही जाणार नाही. ते फरशीवर बसेल, आणि त्या फरशीवर तळवे टेकून तुमचं बाळ रांगेल, मग तेच तळवे तोंडात घालेल. आणि एवढं करून मिळणार काय? आज भिंतीवरचे मरतील. वाडीतून नवे निघायला एक रात्र पुरते.

ह्यांना हे फोनवर पटणार नाही. बाटलीचा फोटो काढून पाठवा, रंगीत त्रिकोण आणि पिकाचं नाव दिसेल असा. पुरुषांना लेबल पटतं. बाटली मात्र मांगरात उंच फळीवर कुलपात ठेवायला लावा, पैसे असोत-नसोत.

खरंच कोणाला बोलवायचंच असेल तर घरगुती कीटकनियंत्रण करणारे परवानाधारक लोक असतात. त्यांनाही फक्त बाहेरचा पट्टा, चार-पाच दिवसांची उघडीप बघून, विहिरीची बाजू सोडून करायला सांगा. माझ्या मते लाकडं हलवली आणि खडी पसरली की त्याचीही गरज उरत नाही.

एक सावधगिरी. त्याच ओलीत गोमही येते, आणि ती चावते. तिच्यात विष असतं. फरक सोपा आहे. पैसा बहुतेक गोल, सावकाश, डिवचला की गुंडाळतो, आणि त्याच्या पोटाखाली पायांची लाट चालल्यासारखी दिसते, कारण बहुतेक कडीला पायांच्या दोन-दोन जोड्या. गोम चपटी, पाय बाजूंना पसरलेले, प्रत्येक कडीला एकच जोडी, आणि बॅटरी मारली की सुसाट पळते. सुसाट पळणारं काही दिसलं तर आधी बाळ उचला, मग केरसुणी. बाळाला चावली तर जखम साबणाने धुऊन लगेच डॉक्टर. वर सांगितलेली जोत्याची सगळी कामं गोमेलाही लागू पडतात, त्या अर्थाने एका दगडात दोन.

वाडीतले पैसे मात्र राहू द्या. फणसा-माडांखाली वर्षभर पडणारा पातेरा खाऊन त्याचं खत करायला दुसरं कोण येणार आहे? परसात वाल, काकडी, भेंडीचं बी टाकलं असेल तर रोपं चार-सहा पानांची होईपर्यंत अळ्याभोवती पातेऱ्याचं आच्छादन घालू नका, एवढं पुरे. पैसा कोवळा मऊ अंकुर कुरतडतो, पुढे वाढलेल्या झाडाकडे फिरकत नाही. आणि त्याच पातेऱ्यात काजव्यांच्या अळ्याही असतात, गोगलगाई खाणाऱ्या. औषध पैसा आणि काजवा ओळखत नाही.

राहिलं माहेर. सोलापूरला जरूर जा, पण आईकडे बाळंतपणानंतर नीट राहायला मिळालं नसेल म्हणून जा, आंब्याच्या रसाचे दिवस चुकले म्हणून जा. पैशांना भिऊन चार महिने जाऊ नका. जोर पहिल्या तीन-चार आठवड्यांचा असतो. श्रावणात ऊन-पाऊस सुरू झाला की ते ओसरतात. परतीच्या पावसात पुन्हा थोडे दिसतील. तोवर तुमच्या दाराला पट्टी लागलेली असेल. ती घेताना दुकानात नुसतं "दाराची पट्टी द्या" म्हणू नका. दाराची रुंदी आणि फटीची उंची मोजून चिठ्ठीवर न्या, आणि मागच्या दाराचं माप वेगळं घ्या. जुन्या घरांत पुढचं आणि मागचं दार सारखं नसतं, आणि पावसात फुगलेलं दार खालून घासत असेल तर आधी सुताराकडून ते रंधून घ्या, मगच पट्टी ठोका.

तुमची,
ताई